वणव्याआधीचे पाणी

सुमात्रा बेटावरच्या रियाऊ प्रांतात आणि बोर्निओच्या इंडोनेशियन भागात, म्हणजे कालिमंतानात, पामच्या मळ्यांना लागून असलेल्या अनेक गावांमध्ये ‘मस्याराकात पेदुली अपी’ नावाची पथके आहेत. आगीची फिकीर करणारे गावकरी, असा त्या नावाचा सरळ अर्थ. कोरड्या महिन्यांत मोटरसायकलवरून गस्त घालायची, धूर दिसला की कळवायचे, सोबत नेता येईल असा पंप कालव्यात सोडून आगीवर पाणी मारायचे आणि शेजाऱ्याला रान पेटवू नको म्हणून समजवायचे, हे त्यांचे काम. प्रशिक्षण ‘मांगाला आग्नी’ हे सरकारी वन-अग्निशमन दल देते. पंप, पाइप आणि गस्तीचा भत्ता पुष्कळदा शेजारची मळेवाली कंपनी देते. २०१५ च्या वणव्यांनंतर या व्यवस्थेला कंपन्यांचे मोठे पाठबळ मिळाले. २०१६ मध्ये विल्मार, मुसिम मास, एशियन अ‍ॅग्री या पामतेल कंपन्या आणि एप्रिल ही कागदाचा लगदा बनवणारी कंपनी ‘फायर फ्री अलायन्स’ या आघाडीत एकत्र आल्या. पथकातले लोक जोखमीचे काम थोडक्या पैशात करतात, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण आगीची राखण गावाकडे आणि पाण्याची चावी कंपनीकडे अशी वाटणी असेल, तर ती भागीदारी पाऊस साथ देईल तेवढीच टिकते, असे माझे म्हणणे आहे.

कारण ही आग डोंगरावरच्या वणव्यासारखी नसते. इथली बरीचशी जमीन पीटची आहे. हजारो वर्षे पाण्याखाली राहिल्याने पुरता न कुजलेला झाडोरा थरावर थर साचून ती बनली, काही ठिकाणी दहा मीटरहूनही जाड. ओले पीट सहसा पेटत नाही. पण पाम लावायचा तर आधी पाणी काढावे लागते, म्हणून मळ्यांत कालव्यांचे जाळे खोदतात. पाणी उतरले की वरचा थर वाळतो, जमीन खचते, आणि एकदा पेटली की आग जमिनीखाली आठवडेच्या आठवडे धुमसत राहते. वरून मारलेले पाणी तिच्यापर्यंत पोचणे कठीण, हेलिकॉप्टरने ओतले तरी. याचा धडा हुकूमशहा सुहार्तोंच्या राजवटीतच मिळाला होता. मध्य कालिमंतानात दहा लाख हेक्टर दलदल भाताखाली आणण्यासाठी चार हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे कालवे खोदले गेले. भात काही पिकला नाही. १९९७ च्या एल निनोत ती वाळलेली जमीन मात्र पेटली. २०१५ मध्ये देशभरात सुमारे २६ लाख हेक्टर जळाले आणि जागतिक बँकेने नुकसानीचा अंदाज १६ अब्ज डॉलर असा मांडला. कालवा कंपनीच्या हद्दीत असला तरी पाणी हद्द ओळखत नाही. मळ्यातून उपसलेले पाणी शेजारच्या गावाची जमीनही कोरडी करते, आणि तीच जमीन राखायला मग गावाला पंप दिला जातो.

या भागीदारीतला सर्वांत गाजलेला भाग बक्षिसाचा. एप्रिल कंपनीच्या योजनेत, ठरलेल्या काळात आग न लागलेल्या गावाला दहा कोटी रुपिया मिळत, दोन हेक्टरपर्यंतच जळले तर पाच कोटी. आकडे ऐकून दचकू नये. दहा कोटी रुपिया म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने आपले पाच लाख रुपये. पैसा गावाच्या सोयींवर खर्च होतो, ते चांगलेच. पण बक्षिसाने आग थांबते का? पश्चिम कालिमंतानात २०१८ च्या हंगामात संशोधकांनी ७५ गावांना अशाच सशर्त रकमेची हमी दिली आणि बक्षीस नसलेल्या गावांशी त्यांची तुलना केली. गावांनी मनापासून भाग घेतला, गस्ती घातल्या, तरी आगींत लक्षणीय फरक दिसला नाही. प्रमाणपत्रांचीही तीच गत. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ‘आरएसपीओ’ हे शाश्वत पामतेलाचे प्रमाणपत्र घेतलेल्या इंडोनेशियन मळ्यांत जंगलतोड सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे आढळले, आगींवर मात्र परिणाम आढळला नाही. माणूस कबूल झाला तरी वाळलेले पीट कबूल होत नाही.

यावर कंपन्यांचे नेहमीचे उत्तर असते की काडी गावकरीच लावतात. ते पुष्कळदा खरेही असते. रान जाळून शेत करण्याची रीत तिथे जुनी आहे. २००९ च्या पर्यावरण कायद्यानेही स्थानिक परंपरा म्हणून प्रत्येक कुटुंबाला दोन हेक्टरपर्यंत सवलत दिली. पण ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली तेव्हा भोवतालची दलदल ओली होती, आग शेताच्या कडेला येऊन विझत असे. बंदी घालणे सोपे आहे. यंत्राने किंवा हाताने रान साफ करायचा खर्च कोणी द्यायचा, हे न ठरवता घातलेली बंदी फक्त गरिबाला पोलिसांच्या दारी नेते. शिवाय सगळ्याच काड्या गरिबांच्या नसतात. आचेह प्रांतातल्या त्रिपाच्या दलदलीत आग लावल्याबद्दल कलिस्ता आलम या पाम कंपनीला न्यायालयाने ३६६ अब्ज रुपियांची भरपाई ठोठावली.

पाणी परत आणले तर काय होते, याचे उदाहरण रियाऊच्या किनाऱ्याजवळच्या तेबिंग तिंगी बेटावर आहे. ते पामचे नाही, बाभळीच्या जातीतल्या अकेशियाच्या मळ्याचे आहे, पण जमीन आणि कालवे तेच. सुंगाई तोहोर हे गाव सागोवर जगते. (मूळचा साबुदाणा याच झाडाच्या खोडातला, आपल्या उपासाचा टॅपिओकाचा.) कंपनीच्या कालव्याने जमीन वाळली आणि २०१४ मध्ये ती पेटली. गावाने दाद मागितली, नोव्हेंबरात तत्कालीन अध्यक्ष जोको विडोडो स्वतः तिथे गेले आणि कालव्यात बांध घालायला हात लावला. पुढे कंपनीचा परवाना गेला आणि ती जमीन ग्रामवन म्हणून आसपासच्या गावांकडे आली. सागोला ओली जमीनच मानवते, म्हणून बांध टिकवण्यात गावाचा रोजचा स्वार्थ आहे. तिथे बक्षीस द्यावे लागत नाही.

पामची अडचण इथेच आहे. पीटविषयीच्या सरकारी नियमांत २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, पीटमधली पाणीपातळी जमिनीच्या पृष्ठभागापासून ४० सेंटिमीटरपेक्षा खाली जाऊ देऊ नये, असे बंधन आहे. मळेवाल्यांचे म्हणणे, एवढ्या ओलीत उत्पन्न घटते. आक्षेप खोटा नाही. देशातल्या पामच्या क्षेत्रापैकी सुमारे ४० टक्के छोट्या शेतकऱ्यांकडे आहे, त्यांनाही तो लागू पडतो. पण मग खोल पीटवर पाम लावणेच चूक, हा निष्कर्ष निघतो. पाणी आणखी उतरवू द्यावे हा नव्हे. उथळ भागात पाणी किती ठेवायचे, हे कंपनी आणि गावाने एकाच खोऱ्याचा हिशेब मांडून ठरवावे, आणि बांधाची फळी काढायचा अधिकार एकट्या कंपनीला नसावा.

काहीच सुधारले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१९ च्या कोरड्या वर्षी सुमारे १६ लाख हेक्टर जळाले, २०२३ च्या एल निनोत सरकारी आकड्यानुसार ११.६ लाख. २०१५ च्या मानाने ही घट मोठी आहे आणि तिच्यात गस्तीचा वाटा असणारच. तरीही ११ लाख हेक्टर हा गस्तीने सुटणारा प्रश्न नव्हे. आणि तो सर्वस्वी परकाही नव्हे: पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार भारत आहे, आपल्या बिस्किटांत आणि फरसाणात हे तेल असते. युरोपातला ग्राहक प्रमाणपत्र विचारतो, आपल्याकडे भाव विचारला जातो. आयातदारांनी पुरवठादाराकडे निदान दोन गोष्टी मागाव्यात: मळ्यातल्या पाणीपातळीच्या महिनावार नोंदी, आणि त्या शेजारच्या गावालाही दाखवल्या जातात याचा पुरावा.