पन्नाशीला सापडलेली रानवाट

१८ जून २०२५ रोजी वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्ली गेले, ते सोलापुरातच. १९३२ साली याच गावात ते जन्मले. मधली बहुतेक वर्षं रानात गेली. त्या वर्षांकडे मागे वळून बघताना एक गोष्ट मनात ठसते: मराठी वाचकांना ते लेखक म्हणून भेटले, तोवर त्यांची पन्नाशी आली होती.

घरची भाषा तेलुगू, शिक्षण गिरण्यांच्या सोलापुरातच. पुढे कोईमतूरला वनविद्या शिकून ते वनखात्यात आले. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशी नोकरी फिरत राहिली. दिवसभर खात्याचं काम आणि त्याच्या जोडीला नोंदी. कोणता पक्षी कुठे उतरला, घरटं कशाचं बांधलं, त्या पक्ष्याला तिथली माणसं काय म्हणतात. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार, रानातले आदिवासी यांच्याकडून ते शिष्यासारखे शिकत राहिले.

ऐंशीच्या दशकात ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’ ही पुस्तकं आली. १९९० साली ते निवृत्त झाले आणि लेखणीला खरा बहर आला: ‘रानवाटा’, ‘रातवा’, मग पक्षिकोश, ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला ‘सारंगागार’, कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ असे शब्द त्यांनी मराठीला दिले. २००६ साली ७९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरलं, तेव्हा अध्यक्षपदी हेच गावचे सुपुत्र होते. २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली.

आमच्या सोलापूरला मागाची रीत ठाऊक आहे. ताणा लावायला वेळ लागतो, आणि त्या वेळात चादरीवरची नक्षी कुणालाच दिसत नाही. चितमपल्लींची नोकरीतली वर्षं मला त्या ताण्यासारखी वाटतात. उतारवयात त्यांना अचानक प्रतिभा लाभली नाही. जे बघत होते, ते त्यांनी रोज लिहून ठेवलं होतं.

‘आता या वयात कसलं लिहिणं, कसलं चित्र काढणं’ असं म्हणणारी चाळिशी-पन्नाशीतली माणसं भेटतात. त्यांना चितमपल्लींच्या मानसन्मानांआधी त्या नोंदींबद्दल सांगावंसं वाटतं. वही आज उघडता येते.