प्राण कोण फुंकणार?

आमच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम कुटुंबे नांदत आली आहेत. त्यांच्या भिंतींवर सुरेख वळणाची कुराणवचने दिसतात. माणसांची चित्रे मात्र क्वचितच. त्यामागे कलेचा तिटकारा असावा, असा आपल्यांपैकी पुष्कळांचा समज असतो. तो तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कुराणात मूर्तिपूजेचा कडक निषेध आहे. परंतु चित्र काढू नये अशी स्पष्ट आज्ञा नाही. सजीवांच्या प्रतिमांचा निषेध येतो तो हदीसमधून, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या व आचरणाच्या परंपरेतून. प्रतिमा घडविणाऱ्यांना निवाड्याच्या दिवशी त्यांत प्राण घालण्यास सांगितले जाईल आणि ते त्यांना साधणार नाही, असे तेथे म्हटले आहे. ‘मुसव्विर’, म्हणजे रूप देणारा, हे परमेश्वराचे नाव. त्याच्याशी माणसाने बरोबरी करू नये, हा त्यातील भाव. प्राणप्रतिष्ठेच्या संस्कारात वाढलेल्या आपणांस हा भेद समजून घेणे अवघड जाऊ नये.

जे करणे निषिद्ध, त्याची कमाईही निषिद्ध, असे शास्त्री सांगतात. मग ज्याचे पोटच या कसबावर, त्याने काय करावे? बुखारींच्या हदीससंग्रहात नेमका हाच प्रसंग आहे. हातच्या चित्रकारीवर निर्वाह करणारा एक गृहस्थ पैगंबरांचे चुलतबंधू इब्न अब्बास यांजकडे आला. निषेध ऐकून त्याचा चेहरा उतरला. तेव्हा, चित्रे काढणे भागच असेल तर झाडे आणि निर्जीव वस्तू काढाव्यात, असे त्यांनी त्यास सांगितले. एक वाट बंद करताना दुसरी दाखविली, हे आम्हांस फार मोलाचे वाटते.

विजापूरच्या इब्राहिम रोझ्यातील खिडक्यांच्या दगडी जाळ्यांत अक्षरेच कोरलेली पाहिली, म्हणजे निराकाराच्या वाटेनेही कला किती दूर जाते ते कळते. गंमत अशी की, त्याच दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची उत्तम व्यक्तिचित्रे त्याच्या दरबारी काढली गेली. अकबराचे म्हणणे तर अबुल फजलने नोंदवून ठेवले आहे : अवयवामागून अवयव रेखाटूनही आपणांस प्राण घालता येत नाही हे उमगल्याने चित्रकाराला ईश्वराचे स्मरण होते. आधार एकच, निष्कर्ष मात्र उलट!

शास्त्रींतही मतभेद आहेत. मालिकी पंथातील अनेकांनी भरीव पुतळा निषिद्ध, तर सपाट चित्र केवळ अप्रशस्त मानले. कॅमेरा आल्यावर इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत यांनी छायाचित्र म्हणजे पडलेली छाया धरून ठेवणे होय, असे सांगून त्यास मुभा दिली. देवबंदच्या परंपरेतील अनेक उलेमांनी ते चित्रच मानले, पण पारपत्रासारख्या गरजेपुरती सवलत ठेवली. आणि ज्यांनी काही काळ इंदुरात काढला, त्या लाला दीनदयाळांना सहाव्या निजामाने किताब दिला तो ‘मुसव्विर जंग’!

चित्रकलेच्या तासाला एखादा विद्यार्थी चेहरा काढण्यास कचरला, तर तो हट्ट वा आळस समजून त्याचे गुण कापू नयेत, असे आम्ही शिक्षकबंधूंस सांगत असतो. त्यास वेल, पान, जाळी वा सुलेखन द्यावे; आणि त्याच्या शेजारी बसलेला दुसरा मुस्लिम मुलगा आनंदाने माणसे काढत असेल, तर त्यासही कोणी धर्म शिकवू नये. दोघांच्याही हाती कुंचला राहावा, एवढेच शाळेचे काम.