फिट आली तर चप्पल नको, घड्याळ बघा

ज्यांना हेडफोन लावायला जमत नाही किंवा जे लोकलमध्ये लटकून वाचतात, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक करून कोड लिहिणारा माणूस आहे. पण मेंदूच्या आजारांबद्दल तुम्ही इतके प्रश्न पाठवलेत, की त्यातला सगळ्यात जास्त विचारलेला निवडला: फिट. कुणी आकडी म्हणतं, कुणी फेफरं, कुणी मिरगी. वैद्यकीय मराठीत अपस्मार. जगात साधारण ५ कोटी लोकांना हा आजार आहे, म्हणजे तुमच्या ओळखीत कुणीतरी असणारच. फक्त त्यांनी सांगितलं नसेल.

आधी बघू, आत नक्की होतं काय. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक सिग्नलने बोलतात. काही सिग्नल पुढच्या पेशीला 'बोल' म्हणतात, काही 'गप्प बस' म्हणतात. ऑनलाइन मीटिंगमध्ये एक जण बोलतो, बाकीचे म्यूटवर असतात, तसंच. फिट म्हणजे एका क्षणी शेकडो जणांनी एकदम अनम्यूट करून ओरडायला लागणं. हा गोंधळ पूर्ण मेंदूत पसरला, तर माणूस बेशुद्ध पडतो, अंग ताठ होतं, हातपाय झटके देतात. पण तो एका कोपऱ्यातच राहिला, तर नुसता एक हात थरथरेल, विचित्र वास येईल किंवा माणूस मिनिटभर हरवल्यासारखा वागेल. काही मुलं वर्गात ५-१० सेकंद टक लावून बसतात आणि बाई म्हणतात, "लक्ष कुठंय तुझं?" तीही फिट असू शकते.

आता एक महत्त्वाचा फरक. एकदा फिट आली म्हणजे अपस्मार झाला, असं नाही. लहान मुलांना तापात येते, साखर खूप कमी झाली तर येते, खूप पिणाऱ्याने दारू अचानक सोडली तरी येते. असं कुठलंही तात्कालिक कारण नसताना, २४ तासांपेक्षा जास्त अंतराने दोनदा फिट आली, तर डॉक्टर साधारणपणे अपस्मार म्हणतात. कारणं बरीच असतात: डोक्याला जुना मार, जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडणं, पक्षाघात, जनुकं. आपल्याकडे आणखी एक कारण सापडतं, ते म्हणजे टेपवर्मची अंडी. अस्वच्छ पाणी, न धुतलेल्या भाज्या किंवा न धुतलेले हात यांतून ती पोटात जातात आणि अळी मेंदूपर्यंत पोचते. म्हणून कोथिंबीर नीट धुवा, हे आईचं सांगणं फक्त मातीपुरतं नाही.

आता चप्पल आणि कांद्याकडे येऊ. गेल्या वर्षी आमच्या कॅन्टीनमध्ये टीममधल्या एकाला फिट आली. दोघं कांदा आणायला धावले, एकाने बूट काढला, एक जण तोंडात चमचा घालायला निघाला. सुदैवाने सिक्युरिटीच्या काकांनी सगळ्यांना मागे सारलं. तीनेक मिनिटांत झटके थांबले आणि लगेच कुणीतरी म्हणालंच, "बघ, बूट हुंगवला म्हणून थांबलं!"

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. बूट शोधून नाकाशी नेईपर्यंत तेवढाच वेळ जातो. सर्व्हर आपोआप रिस्टार्ट झाला आणि श्रेय घेतलं टेबल बडवणाऱ्याने, असा हा प्रकार.

मग करायचं काय?

घड्याळ बघा, किती वाजता सुरू झालं ते लक्षात ठेवा. आजूबाजूच्या खुर्च्या, गरम चहा, टोकदार वस्तू बाजूला करा. डोक्याखाली बॅग किंवा घडी केलेलं जॅकेट ठेवा. कॉलर सैल करा, चष्मा काढा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका. जीभ गिळली जात नाही, चमच्याने दात मात्र तुटतात. झटके थांबले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल आणि श्वास मोकळा राहील. पूर्ण शुद्ध येईपर्यंत सोबत थांबा.

फिट ५ मिनिटांपेक्षा लांबली, शुद्ध न येता दुसरी आली, पाण्यात आली, मार लागला, बाई गरोदर असेल किंवा आयुष्यात पहिल्यांदाच आली असेल, तर थेट १०८ लावा.

आणि हो, मोबाईल. एकाने मदत करताना दुसऱ्याने व्हिडिओ घेतला, तर तो डॉक्टरला खरंच उपयोगी पडतो, कारण पेशंटला स्वतःला काहीच आठवत नसतं. पण तो व्हिडिओ घरच्यांना द्यायचा आणि आपल्या फोनमधून डिलीट करायचा. ग्रुपवर टाकायचा नाही.

स्क्रीनमुळे फिट येते का? थोड्या लोकांना, लुकलुकत्या प्रकाशाने. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागातल्या लाल-निळ्या झगमगाटानंतर ६८५ जणांना, बहुतेक मुलांनाच, दवाखान्यात नेलं होतं. पण बहुतेक पेशंटना त्रास देतात त्या दोन साध्या गोष्टी: अपुरी झोप आणि चुकलेली गोळी. नाइट शिफ्टवाल्यांनो, ऐकताय ना?

नीट औषधं घेतली तर १० पैकी ७ जणांच्या फिट थांबू शकतात. फक्त बरं वाटतंय म्हणून स्वतःहून गोळी बंद करायची नाही. अचानक बंद केल्यास मोठी, लांबलेली फिट येऊ शकते. मूल हवं असलेल्या मुलींनीही गोळी न सोडता आधी डॉक्टरशी बोलावं, कारण काही औषधं गरोदरपणात बदलावी लागतात.

आमच्या टीममधला तो मित्र दोन आठवड्यांत परतला. त्याला आजारापेक्षा जास्त भीती होती ती स्थळ मोडण्याची. ही भीती उगाच नाही. हिंदू विवाह कायद्यातही लग्नाच्या अटींमध्ये अपस्माराचा उल्लेख होता, तो १९९९ मध्ये काढून टाकला. कायदा बदलून २५ वर्षं उलटली, बायोडाटा बघणारे काका-मामा अजून बदलायचेत.

तर या आठवड्याचं काम: हा भाग घरच्या ग्रुपवर टाका आणि जेवताना विचारा, "फिट आली तर काय करायचं?" कुणी कांदा म्हणालं, की त्यांना घड्याळ दाखवा. भेटू पुढच्या एपिसोडला!