ग्रेव्हटाय मॅनर : बागेच्या आधाराने जगलेले घर

इंग्लंडच्या ग्रामीण भागातील जमीनदारांच्या मोठ्या घरांना मॅनर म्हणतात. या घरांचा खर्च मुख्यतः जमिनीच्या खंडावर चाले, त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेतमालाचे भाव कोसळल्यावर आणि पुढे वारसा-कर वाढत गेल्यावर अशी शेकडो घरे पाडली गेली. जी टिकली, त्यांपैकी काहींची हॉटेले झाली. वेस्ट ससेक्समधील ईस्ट ग्रिन्स्टेड गावाजवळचे ग्रेव्हटाय मॅनर हे त्यांपैकीच एक, परंतु त्याची थोरवी घरापेक्षा बागेत अधिक आहे.

१५९८ साली बांधलेले हे दगडी घर १८८४च्या सुमारास विल्यम रॉबिन्सन यांनी विकत घेतले. आयर्लंडमध्ये जन्मलेले रॉबिन्सन मूळचे माळी. बागकामावरील पुस्तके व नियतकालिके यांतून त्यांनी मोठी कमाई केली. त्या काळी काचगृहात वाढवलेली रंगीत रोपे दर हंगामात उपटून-लावून गालिच्यासारखे वाफे सजवण्याची रीत होती. तिला कडाडून विरोध करत, वर्षानुवर्षे टिकणारी झाडे, वेली व कंद मोकळेपणाने, निसर्गाच्या कलाने वाढू द्यावेत, असे मत त्यांनी १८७०च्या ‘द वाइल्ड गार्डन’ या ग्रंथात मांडले आणि ग्रेव्हटायच्या उतारांवर ते पन्नास वर्षे प्रत्यक्षात उतरवले. उतारवयात चाकांच्या खुर्चीत बसावे लागत असतानाही बागेवरचे त्यांचे लक्ष ढळले नाही, ही निष्ठा विरळाच म्हणावी लागेल.

१९३५मध्ये रॉबिन्सन यांचे निधन झाले आणि युद्धकाळात बागेची आबाळ झाली. १९५८मध्ये पीटर हर्बर्ट यांनी येथे हॉटेल सुरू केले आणि रॉबिन्सन यांचे लेखन प्रमाण मानून बाग पुन्हा उभी केली. रॉबिन्सन यांनी दगडी भिंत घालून घेतलेला लंबवर्तुळाकार भाजीमळा आजही स्वयंपाकघराला भाज्या व फळे पुरवतो. दक्षिणेकडील उतार आणि ऊन साठवणारी भिंत यांमुळे थंड हवेतही पिके साधतात. कोणत्या आठवड्यात काय तयार आहे, यावर तेथील पदार्थ ठरतात. मिशेलिन या टायर बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीची मार्गदर्शिका उत्तम पाककलेसाठी जो तारा देते, तो या उपाहारगृहाला मिळालेला आहे. २०१८मध्ये बांधलेल्या काचेच्या भोजनगृहातून पाहुण्यांना समोर रॉबिन्सन यांची बाग दिसते.

असे भोजन व मुक्काम सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहेत, हे खरे. तरीही हॉटेलच्या उत्पन्नाविना ही बाग इतक्या उत्तम स्थितीत राहिली नसती.