कारखान्यातला कॅमेरा खराब पार्ट कसा ओळखतो?

डिप्लोमा झाल्यावर मी भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात ट्रेनी होतो. काम एकच, ट्यूबलाइटखाली बसून ब्रेकचे पार्ट तपासायचे. तासाभराने डोळे दमायचे. एकदा तडा गेलेला पार्ट मी ओके करून पुढे ढकलला. पॅकिंगच्या काकांनी तो पकडला म्हणून बरं, नाहीतर कुणाच्या तरी गाडीत बसला असता! हेच काम आता कॅमेरे करू लागलेत. त्याला म्हणतात मशीन व्हिजन.

१. आधी शटर आणि उजेड
चालू पंख्याचा फोटो मोबाईलने काढला की पाती वाकडी दिसतात. कारण मोबाईलचा सेन्सर सहसा एकेक ओळ वाचत जातो. वेगाने सरकणाऱ्या पार्टसाठी ग्लोबल शटर वापरतात. त्यात सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपले जातात. उजेडही तिरका टाकतात. गुळगुळीत भाग काळा दिसतो, ओरखडा मात्र चमकतो.

२. फक्त चांगले पार्ट दाखवा
खराब पार्ट थोडेच सापडतात आणि प्रत्येकाचा दोष वेगळा. मग एआयला शिकवायचं कसं? नवी पद्धत सोपी आहे. फक्त चांगल्या पार्टचे फोटो दाखवायचे. त्याहून वेगळं काही दिसलं की ते खूण करतं. जर्मनीच्या एमव्हीटेक कंपनीने २०१९ मध्ये अशा चाचणीसाठी १५ प्रकारच्या वस्तू आणि पृष्ठभागांचे ५,००० हून जास्त फोटो खुले केले. त्यातले शिकवायचे फोटो सगळे निर्दोष!

३. इव्हेंट कॅमेरा
हा पूर्ण फोटो काढतच नाही. ज्या पिक्सेलवर उजेड बदलला, तेवढाच पिक्सेल कळवतो. त्यामुळे डेटा कमी आणि वेग प्रचंड.

मग माणसाचं काय?
कॅमेरा फार कडक ठेवला तर चांगले पार्टही भंगारात जातात, सैल ठेवला तर तडा निसटतो. ही रेघ कुठे ओढायची, ते माणसालाच ठरवावं लागतं. पण नुसतं बघत बसायचं काम कमी होणार, हे खरं. म्हणून आयटीआय-डिप्लोमावाल्यांनो, कॅमेरा आणि लाइट सेट करायला आत्ताच शिका.

आज एक प्रयोग करा. मोबाईलची स्क्रीन बंद करा, अंधारात मित्राच्या मोबाईलचा टॉर्च अगदी तिरका धरा. ओरखडे मोजा आणि कमेंटमध्ये सांगा!