भित्र्या कुत्र्याचे दात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या कुत्र्याचं नाव शेरू. ते माझ्या मुलीनं ठेवलं. हा शेरू कुकरच्या शिट्टीला दचकतो, कुणी छत्री उघडली की पडवीतल्या बाजेखाली शिरतो, आणि आजवर तो तीन माणसांना चावलेला आहे. एवढं भित्रं कुत्रं चावतं कसं, असं लोक मला विचारतात. त्याचं उत्तर मला फार उशिरा कळलं. ते कळेपर्यंत शेजारच्या काकूंच्या आठ वर्षांच्या नातवाच्या हातात त्याचे दात रुतले होते. आज बोलायला बसलो आहे ते त्यामुळेच.

2018 च्या दिवाळीनंतर मुलीनं त्याला लाकडाच्या वखारीमागून उचलून आणलं. चार महिन्यांचं पिल्लू असेल. फटाक्यांनी त्याचा जीव अर्धा झालेला होता. आमच्या घरात कुत्रं म्हणजे मोठाच प्रश्न. त्याची लाळ कपड्याला लागली तर नमाजचे कपडे बदलायचे, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. पण अम्मीच आम्हाला लहानपणी गुहेत झोपलेल्या त्या तरुणांची आणि त्यांच्या दारात पाय पसरून बसलेल्या कुत्र्याची गोष्ट सांगायची. त्यामुळे तिला सरळ नाही म्हणता येईना. तडजोड झाली. कुत्रं घरात यायचं नाही, मागच्या पडवीत राहील आणि साखळीला राहील. सगळ्यांना हा तोडगा शहाणपणाचा वाटला.

आता मागे वळून पाहिलं की दिसतं, आमच्या चुकांची सुरुवात तिथून झाली. पडवी म्हणजे येण्याजाण्याची वाट. दूधवाला तिथून येतो, मीटरचं रीडिंग घेणारा तिथूनच येतो. घाबरलेल्या जनावरापुढे तीन मार्ग असतात: पळायचं, गोठून उभं राहायचं, नाहीतर अंगावर जायचं. कुत्रं बहुधा पहिला मार्ग निवडतं. साखळीनं आम्ही तो मार्गच काढून घेतला. पहिल्यांदा दूधवाल्याची पोटरी, मग सहा महिन्यांनी मीटरवाल्याची पँट आणि थोडी कातडी. दोघांचे उपचार केले, माफी मागितली, आणि आमचं कुत्रं 'जरा तापट' आहे असं आम्ही म्हणू लागलो.

एका परिचितांनी सल्ला दिला की गुरगुरलं की वर्तमानपत्राची गुंडाळी करून तोंडावर मारा, आठ दिवसांत सरळ येईल. मी मारलं. हे सांगताना आजही बरं वाटत नाही. पंधरा दिवसांत शेरूचं गुरगुरणं पूर्ण बंद झालं आणि मी ते चारचौघांत कौतुकानं सांगत होतो. प्रत्यक्षात त्याची भीती होती तिथेच होती. आम्ही फक्त तिचा आवाज बंद केला होता. गुरगुरणं ही कुत्र्याची सूचना असते: जवळ येऊ नका. ती दिल्याबद्दल मार बसतो, हे तो शिकला. मग त्यानं सूचना देणं सोडलं.

2022 च्या मे महिन्यात काकूंचा नातू सुट्टीला आला होता. त्याचा चेंडू आमच्या पडवीत आला. शेरू कोपऱ्यात बसलेला, शांत. मुलानं चेंडू उचलला आणि जाता जाता लाडानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला वाकला. आवाज आला तो थेट मुलाच्या ओरडण्याचाच.

अशा वेळी काय करायचं ते आधी सांगतो, कारण कुणाच्या तरी घरी ते उपयोगी पडेल. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून धुवायची, कारण दोन मिनिटंच पंधरा वाटतात. हळद, चुना, तिखट काहीही भरायचं नाही. मग लगेच दवाखाना. आमच्या लहानपणी पोटातल्या चौदा इंजेक्शनांची दहशत होती. त्या जुन्या लशीचं उत्पादन आपल्या देशात 2004 च्या अखेरीस थांबलं. आता सरकारी दवाखान्यात दंडाच्या कातडीत लस देतात. पहिली लस टोचल्याचा दिवस शून्य धरला तर त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलेली जखम असेल तर जखमेभोवती वेगळं औषधही टोचतात, त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. कुत्रं पाळलेलं आहे, त्याला लस टोचलेली आहे, म्हणून घरीच थांबू नये. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची, पण लस सुरू करून मग. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. 1885 साली लुई पाश्चर यांनी ज्या मुलाला पहिल्यांदा ही लस टोचली, तो जोसेफ माइस्टर नऊ वर्षांचा होता. संशयित कुत्रं चावलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास पंधरा वर्षांखालची मुलं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतं, हेही विसरू नये.

तिसऱ्या दिवशीच्या इंजेक्शनाला मी त्याला स्कूटरवरून घेऊन गेलो. परत आल्यावर काकू म्हणाल्या, "भाई, तुमच्यावर माझा राग नाही. पण पोरगं माझ्या भरवशावर पाठवलंय हो. त्याच्या आईला मी काय सांगू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरात दोन मतं झाली. एक मत, कुणाला तरी देऊन टाका. दुसरं, दूर नेऊन सोडा. जनावर असं सोडून देणं 1960 च्या प्राण्यांच्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. आणि आपलं जनावर दुसऱ्याला इजा करील अशी हयगय करणाऱ्या मालकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी विचारलं, तर ते म्हणाले, "न सांगता दिलंत तर चावा दुसऱ्याच्या घरी पाठवलात. सांगून दिलंत तर घेणार कोण?" मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि तासभर मला कुत्रं समजावून सांगितलं.

त्यातलं पहिलं असं की भित्रेपणाचं मूळ पुष्कळदा बालपणात असतं. अमेरिकेत बार हार्बर इथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांवर अनेक वर्षं प्रयोग केले आणि 1965 साली त्यांचं पुस्तक आलं. पिल्लू साधारण तीन ते बारा आठवड्यांचं असताना जे पाहतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला आयुष्यभर आपलं वाटतं. त्या काळात माणसांचा प्रेमळ हात लागला नाही तर पुढे प्रत्येक हात परका. शेरूचे ते आठवडे वखारीमागे गेले होते. दुसरं, दुखणं आहे का ते आधी तपासायचं. कान, दात, सांधे दुखत असले की गरीब कुत्रंही चावतं. शेरूच्या डाव्या कानात जुनी सूज निघाली. मुलाचा हात डोक्यावरून फिरला तो त्याच बाजूनं.

तिसरं म्हणजे कुत्र्याची भाषा. ते आधी तोंड फिरवतं, ओठ चाटतं, झोप नसताना जांभई देतं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, शेपूट पोटाखाली जाते, अंग ताठतं. यानंतर गुरगुरणं, आणि सगळ्यात शेवटी दात. शब्दांवर पोट नसलं तरी आयुष्य काढलेला माणूस मी, पण घरातल्या या मुक्याचं एवढं साधं व्याकरण मला चार वर्षांत वाचता आलं नव्हतं.

उपाय पाव्हलोव्हच्या घंटेच्या जातीचा आहे. घंटा वाजली की अन्न येतं, म्हणून घंटेनंच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. इथे घंटेच्या जागी भीतीची वस्तू ठेवायची. अनोळखी माणूस इतक्या लांब उभा करायचा की शेरूला तो दिसेल पण तो ताठणार नाही. आमच्याकडे हे अंतर पस्तीस पावलं निघालं. माणूस दिसला की उकडलेल्या चिकनचा तुकडा, दिसेनासा झाला की तुकडे बंद. माणसानं त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, हात पुढे करायचा नाही. रोज दहा मिनिटं, याहून जास्त नाही. ताठला तर आपण घाई केली, मागे सरकायचं. पस्तीसची बारा पावलं व्हायला आम्हाला चौदा महिने लागले. माझा एक मित्र या कामासाठी रोज सकाळी रस्त्यावर उभा राहायचा. गल्लीत त्याच्या डोक्याबद्दल चर्चा झाली.

बाकीची व्यवस्था झाली. पडवीची साखळी काढली. मागच्या खोलीत त्याची जागा केली. तिथे तो झोपला की कुणी हात लावायचा नाही, मुलीनंसुद्धा नाही. अम्मीनं आपली जानमाज वरच्या खोलीत नेली आणि त्यावर एक शब्द बोलली नाही. पाहुणे आले की ती खोली बंद. बाहेर नेताना तोंडाला मुसकं, मळणीच्या बैलाला बांधतात तसं; पण ते पिंजऱ्यासारखं मोकळं हवं, कुत्र्याला तोंड उघडून धापता आलं पाहिजे आणि पाणी पिता आलं पाहिजे. कुत्रं मुख्यतः तोंडावाटे अंगातली उष्णता बाहेर टाकतं. घट्ट पट्टी बांधली तर उन्हाळ्यात ते जीवानिशी जाईल. त्या मुसक्याच्या आत खाऊ ठेवून सवय लावायला तीन आठवडे गेले. डॉक्टरांनी काही महिने भीती कमी करणाऱ्या गोळ्याही दिल्या होत्या, त्या त्यांच्याच सल्ल्यानं हळूहळू थांबवल्या. फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' ही पाटी होती, तिच्या जागी 'कुत्रा घाबरट आहे, हात लावू नये' अशी लावली. या सहा शब्दांवर मी एखाद्या कवितेपेक्षा जास्त वेळ घालवला असेन.

शेरू बरा झाला का? नाही. डॉक्टरांनी तसं वचन दिलंच नव्हतं. 2022 नंतर तो कुणाला चावलेला नाही, पण माझा त्याच्यावर पूर्ण भरवसा नाही आणि तो ठेवायचाही नाही असं ठरलं आहे. मात्र तो पुन्हा गुरगुरायला लागला आहे. पहिल्यांदा गुरगुरला तेव्हा मी मुलीला हाक मारून ऐकायला बोलावलं होतं.

काकूंचा नातू अजून मे महिन्यात येतो. त्याच्या मनगटाजवळ दोन पांढरे ठिपके आहेत. तो कुंपणापलीकडे उभा राहतो आणि भाकरीचा तुकडा आत फेकतो. शेरू तो जाईपर्यंत थांबतो, मग उचलतो. आत ये असं मी त्याला कधी म्हणत नाही.