.४४ म्हणायचं, पण गोळी .४२९ इंचाची!

.४४ मॅग्नम म्हटलं की बहुतेकांना १९७१चा 'डर्टी हॅरी' सिनेमा आठवतो. मला आठवतो एल्मर कीथ. आयडाहोचा हा हट्टी गडी .४४ स्पेशलच्या काडतुसात जास्तीची दारू भरून वर्षानुवर्षं प्रयोग करत बसला आणि त्यातूनच १९५५च्या अखेरीस मॅग्नम आली. तिच्या काडतुसाची केस मुद्दाम तीनेक मिलिमीटर लांब ठेवली, म्हणजे ती जुन्या स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसूच नये. उलटं मात्र चालतं. मॅग्नममध्ये स्पेशल खुशाल घाला, हाताला धक्काही कमी.

त्याहून मोठी २००३ची .५०० मॅग्नम म्हणजे निव्वळ हौस. तिच्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये गोळ्या पाचच, आणि जवळपास साडेआठ इंची नळीचं मॉडेल रिकामंच दोन किलोचं!

नळी आखूड केली की वेग घटतो आणि तोंडाशी जाळ मोठा दिसतो. पण माझ्या मते खरी गंमत नळी आणि सिलिंडरमधल्या फटीत आहे. कागदाच्या जाडीएवढी ती फट, पण तिथून तापलेला वायू दोन्ही बाजूंना सुरीसारखा सुटतो. म्हणून अंगठा कधीही पुढे नको. रशियाच्या १८९५च्या नागांत रिव्हॉल्व्हरने सिलिंडरच पुढे ढकलून ही फट बंद केली होती. त्यापायी ट्रिगर इतका जड झाला की बोट दुखावं.

इटलीच्या कियाप्पा ऱ्हायनो रिव्हॉल्व्हरची तऱ्हा आणखी निराळी. नळी सिलिंडरच्या वरच्या नव्हे, खालच्या खणासमोर! धक्का सरळ तळहातात येतो, तोंड फारसं उसळत नाही. दिसायला ध्यान आहे, पण डोकं भारी लढवलंय.